भेग भिंतीवर, दुखणं छतात : एका फ्लॅटच्या पाहणीचं प्रकरण

इमारत सहा मजली, आरसीसी सांगाड्याची, साधारण 25 वर्षं जुनी. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. घेणारे नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर राहायला येणार असलेल्या नवऱ्याच्या आई. तिघांनी फ्लॅट एकदा पाहिला होता, मनात भरला होता, आणि टोकन देण्याआधी एकदा नजर टाका म्हणून त्यांनी मला बोलावलं. बांधकामाची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझं काम. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि गाव गाळलं आहे.

त्यांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची. हॉलच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग छताच्या दिशेने गेली होती. तिचे फोटो त्यांनी ओळखीच्या चार जणांना दाखवले होते आणि चौघांनी चार मतं दिली होती. ही भेग सोडली तर बाकी घर एकदम स्वच्छ आहे, असं दोघांचं म्हणणं. पाहणीत निघालं ते नेमकं उलट. भेगेत काही दम नव्हता. स्वच्छ वाटलेल्या भागात मात्र एक असं दुखणं होतं, जे त्यांनी घर घेतल्यावर एकट्याने बरं करणं शक्यच नव्हतं. घर पाहताना दोष किती मोठा दिसतो याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्याचं मूळ कुणाच्या ताब्यात आहे, हे मात्र फार कमी लोक विचारतात. हे प्रकरण लिहून काढायचं कारण तेच.

पहिल्या भेटीत काय झालं

पहिली भेट संध्याकाळची होती. सगळे दिवे लावलेले, एसी चालू, मालक सोबत फिरत बोलत होते. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या उघडून दाखवल्या गेल्या, बाल्कनीतून दिसणारं दाखवलं गेलं. नळ एकही उघडला गेला नाही. कपाटं भिंतीला टेकलेली होती, ती तशीच राहिली.

यात मालकांचा काही कावा होता असं मला वाटत नाही. पाहुणे आले की घर आवरून, उजळून दाखवणं साहजिकच आहे. पण पाहणाऱ्याने निदान एक फेरी दिवसा, दिवे बंद ठेवून आणि खिडक्या उघडून मारावी. कृत्रिम उजेडात फिकट पिवळा डाग पांढऱ्या रंगात मिसळून जातो. एसी चालू असला की हवेतली ओल आणि वास दोन्ही कमी जाणवतात. शिवाय कुणी सतत बोलत असेल तर कान आणि डोळे दोन्ही त्याच्याकडे लागतात. म्हणून मी मालकांना सरळ सांगतो, तुम्ही निवांत बसा, आम्ही फिरून येतो आणि मग विचारतो. बहुतेकांना ते आवडतंच.

वासाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाल्या, "मला दार उघडल्या उघडल्या कोंदट वास आला होता. पण हे दोघं म्हणाले, बंद घराचा असेल."

आईंचं बरोबर होतं. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं आणि मग तो येईनासा होतो. त्यामुळे घरात शिरतानाची पहिली जाणीव मोलाची असते आणि ती तिथल्या तिथे सांगून टाकावी. बंद घराचा वास खिडक्या उघडल्यावर थोड्या वेळात जातो. ओलीचा वास एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येत राहतो. आईंना विचारलं, कुठे जास्त आला? त्यांनी हॉलकडून बेडरूमकडे जाणारा पॅसेज दाखवला. पाहणीचं अर्धं काम तिथेच झालं होतं, फक्त ते मला नंतर कळलं.

हॉलमधली भेग

भेग बघायची तर टॉर्च समोरून मारू नये. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवावा आणि उजेड भिंतीवरून आडवा जाऊ द्यावा. उंचसखल भाग, जुनं लांबी (पुट्टी) भरलेलं काम, फुगलेला गिलावा, सगळं सावलीत उठून दिसतं. इथे तसं पाहिल्यावर भेग केसापेक्षा थोडी जाड निघाली, 1 मिमीच्या आतली. दोन्ही कडा एकाच पातळीत होत्या. बोट फिरवलं तर एक बाजू पुढे आणि एक मागे असं लागत नव्हतं. भेगेच्या आत जुना रंग आणि धूळ बसली होती, म्हणजे ती बऱ्याच आधीची होती. नुकत्याच पडलेल्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात.

मग बाल्कनीत जाऊन त्याच भिंतीची बाहेरची बाजू पाहिली. तिथे भेग नव्हती. खिडकीच्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि गिलावा सुकताना आकसतो, त्यामुळे अशा तिरप्या बारीक भेगा कितीतरी घरांत असतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी सरळ भेगही बहुधा याच जातीची, कारण काँक्रीट आणि वीटकाम वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात.

चिंता करायची ती वेगळ्या भेगांची. आरपार गेलेली, 5 मिमीहून रुंद झालेली, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला फाकलेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी. त्यातही कॉलमवरची उभी आणि बीमच्या तळाशी लांबीभर धावणारी भेग पाहिली की मी थांबतो, कारण अशी भेग बहुतेक वेळा आतल्या सळईच्या रेषेत असते. भेगेसोबत त्याच भिंतीतलं दार घासत असेल, किंवा दाराची वरची कड कुणीतरी रंधून तिरपी केलेली असेल, तर सांगाडा हलतो आहे का हे तपासावं लागतं. इथलं दार स्वतःहून कुठेही थांबत होतं आणि चौकटीत सगळीकडे सारखी फट होती. पाणसळ लावून पाहिली, चौकटही सरळच होती. हॉलच्या भेगेचा विषय मी तिथेच संपवला.

बेडरूमच्या भिंतीचा पाया

बेडरूममधलं कपाट मालकांच्या मुलाने आणि नवरोबांनी मिळून हातभर पुढे ओढलं. मागे स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीपर्यंत रंगाला फोड आले होते. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली पांढरी भुकटी. हा क्षार. पाणी भिंतीतून बाहेर येतं, वाळून जातं आणि विरघळलेले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं.

जमिनीतली ओल भिंतीतून साधारण मीटरभर चढते, पण ती तळमजल्यावर. चौथ्या मजल्यावर भिंतीच्या पायाशी ओल दिसली तर पाणी त्याच मजल्यावरून येतं आहे असं धरून चालावं. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं. तिथे नाण्याने फरशा वाजवून पाहिल्या. नळाखालच्या तीन-चार फरशा पोकळ वाजल्या आणि त्यांच्या सांध्यांतलं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, निघून गेलं होतं. मगभर पाणी जमिनीवर ओतलं तर ते नहाणी ट्रॅपकडे (सांडपाणी जायचं तोंड, ज्यात थोडं पाणी साचून गटाराचा वास अडतो) न जाता भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. बाथरूमच्या जमिनीला मीटरमागे निदान 1 सेंटीमीटर उतार हवा, तो या कोपऱ्यात उलटा होता.

ओल मोजायचं यंत्रही लावलं, पण त्याच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. टोचायच्या पिनांचं यंत्र दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजतं, आणि भिंतीत क्षार असले की आकडा खऱ्या ओलीपेक्षा जास्त येतो. उपयोग तुलनेसाठी. फोडांजवळ, मग हातभर वर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आकडे बाथरूमच्या भिंतीपासून दूर जाताना उतरत गेले.

हे ऐकून बायको खट्टू झाल्या. त्यांना म्हटलं, हा दोष मोठा दिसतो आहे, पण तो पूर्ण तुमच्या हातातला आहे. बाथरूम तुमचं, भिंत तुमची, फरशी उकरायचा निर्णयही तुमचाच. वॉटरप्रूफिंग, नवा उतार, नव्या फरशा. खर्च आहे, थोडे दिवस गैरसोय आहे, पण नीट केलं तर प्रश्न संपतो. किमतीच्या बोलणीत हा खर्च मांडायचा आणि पुढे जायचं.

पॅसेजचं छत

पॅसेजमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग होतं. घरात दुसरीकडे कुठेच नव्हतं, ना हॉलमध्ये ना बेडरूममध्ये. जिथे पाहुण्यांची नजर जाते तिथे सोडून तीन फुटी पॅसेजमध्ये कुणी हौसेने सीलिंग करत नाही. रंगही तेवढ्याच भागात ताजा होता. बाजूच्या भिंतीवर हात फिरवला तर जुना रंग हाताला लागत होता, सीलिंगचा गुळगुळीत होता. टॉर्च आडवा धरल्यावर एका कोपऱ्यात नव्या रंगाखालून एक गोलसर तपकिरी कड पुसटशी दिसली. हवेतला दमटपणा थंड कोपऱ्यात जमून डाग पडला तर तो काळ्या ठिपक्यांचा आणि पसरट असतो. पाणी वरून उतरून वाळलं की डागाला अशी तपकिरी किनार येते.

आणि आईंना वास आला होता तो इथेच.

मालकांना विचारलं, "काका, हे सीलिंग कधी केलं?"

"झाली असतील दोनेक वर्षं. पाईप दिसत होते वरच्यांचे, म्हणून झाकून टाकले."

"एक चौकोन उघडून बघू का?"

ते कचरले. रंग आत्ताच दिलाय, कशाला खराब करता, असं म्हणाले. मी सांगितलं की उघडून काही नाही निघालं तर परत बसवून, रंगवून देण्याचा खर्च घेणारे करतील, आणि तसं कागदावर लिहून देतील. नवऱ्याने लगेच होकार दिला. ज्या झाकलेल्या जागेबद्दल मनात शंका आहे तिच्यासाठी हा प्रस्ताव जरूर ठेवावा. मालक मानले तर माहिती मिळते. कितीही सांगून उघडायला तयारच झाले नाहीत, तर मी ती जागा सगळ्यात वाईट आहे असं धरून हिशेब मांडायला सांगतो.

हातभर रुंद चौकोन कापला. वरून भिजलेल्या पीओपीचा तुकडा हातात आला तो बिस्किटासारखा भुसभुशीत. टॉर्च आत घातला तेव्हा वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाईप दिसला, स्लॅबमधून तो जिथे खाली येतो त्या जोडाभोवती ओलसर काळपट वलय, आणि त्या शेजारून जाणारा बीम. बीमच्या तळाचं काँक्रीट दीडेक फूट लांबीत निघून पडलं होतं. मुख्य सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा उघड्या, गंजलेल्या. मुख्य सळईवर गंजाचे थर चढले होते, पण स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर खाली चांगलं लोखंड लागलं.

हे कसं होतं ते घेणाऱ्यांना समजावून सांगितलं. चांगलं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. तेवढ्या पीएचमध्ये सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि पीएच 9 च्या खाली आणतो. मग तो थर जातो, आणि तिथे पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून काही पटींपर्यंत जास्त जागा घेतो, त्याच्या दाबाने बाहेरचं काँक्रीट फुटतं, फुटल्यावर आणखी हवा-पाणी आत जातं. म्हणजे गळती चालू असताना बीमची कितीही मलमपट्टी केली तरी ती टिकत नाही. आधी पाणी थांबवायला हवं.

आणि हे पाणी येत होतं दुसऱ्याच्या घरातून.

कुणाचं काय

जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही एका कागदावर दोन रकाने केले. एकात तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता ते: बाथरूम, बेडरूमची भिंत, हॉलची भेग. दुसऱ्यात त्यासाठी दुसऱ्याची संमती किंवा दुसऱ्याचे पैसे लागतात ते: वरच्यांचं बाथरूम, पाईपचा जोड, बीम. बीम हा सगळ्या इमारतीच्या सांगाड्याचा भाग, त्यामुळे तिथे इमारतीची कमिटीही आली. पहिल्या रकान्याची गोळाबेरीज करता येत होती. दुसऱ्यातही तीनच नोंदी, आणि त्यांचा खर्चही कदाचित कमीच. तरी तिथे अडकलेलं काम वर्षानुवर्षं अडकतं, आणि तोवर खालच्यांच्या छतातला गंज वाढत राहतो.

म्हणून मी सांगितलं की टोकन आत्ता देऊ नका. आधी वर जाऊन या, आणि मालकांना सोबत घ्या.

वरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर काकू राहतात. आपल्या बाथरूममधून खाली अजूनही गळतं आहे याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ते खरंही असणार, कारण ज्याच्या घरातून गळतं त्याला वरून काहीच दिसत नाही. खालच्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं. एकदा तक्रार केली होती, वाद झाला आणि मग सीलिंग करून विषय झाकला गेला. नवऱ्याने त्यांना फोटो दाखवले, शांतपणे सांगितलं की आम्ही अजून घर घेतलेलं नाही, शेजारी झालो तर भांडणाने सुरुवात नको. काकूंनी तपासणीला लगेच होकार दिला. हे बोलणं खरेदीआधी झालं म्हणून सोपं गेलं, असं माझं ठाम मत आहे. ताबा घेतल्यानंतर हेच बोलणं तक्रारीच्या सुरात होतं.

तपासणी साधी असते. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूमच्या जमिनीवर 2-3 सेंटीमीटर पाणी साठवायचं, त्यात रंग मिसळायचा आणि निदान 24 तास ठेवायचं. पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने आखून ठेवायची. इथे दुसऱ्या दिवशी पातळी थोडी उतरली होती, पण खाली रंग उतरला नव्हता. मग ट्रॅपचं तोंड मोकळं केलं आणि पाणी एकदम सोडलं, तर काही मिनिटांतच पाईपच्या जोडातून रंगीत थेंब पडायला लागले. जमिनीचं वॉटरप्रूफिंग ठीक होतं, गळती फक्त जोडाची. ही चांगली बातमी होती. अख्खं बाथरूम उकरायची गरज नव्हती, ट्रॅप आणि जोड बदलून भागणार होतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

पाणी टाकीतून फक्त उतारावर येत असेल तर दाब उंचीवर ठरतो. दर 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). चौथ्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीचं पाणी 1 बारच्या थोडं खालीच होतं. दाबावर चालणारा मोठा शॉवर लावायची इच्छा होती, तिथे पंप लागेल असं सांगितलं. दोन नळ आणि फ्लश एकदम सुरू करून पाहिलं, धार फारशी मंदावली नाही. बेसिन भरून सोडलं तर शेजारच्या ट्रॅपमध्ये गुडगुड झाली नाही. ती झाली असती तर पाईपला हवा कमी मिळते असा अर्थ. वापरात नसलेल्या छोट्या बाथरूममध्ये गटाराचा वास होता, पण तिथल्या ट्रॅपमधलं पाणी वाळलं होतं इतकंच. बादलीभर पाणी ओतल्यावर वास गेला.

विजेच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरचं गळती-संरक्षक उपकरण (वीज गळली की पुरवठा तोडणारं) होतं, चाचणीचं बटण दाबल्यावर पडलं. ते बटण उपकरण चालतं एवढंच सांगतं, अर्थिंग आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून प्लगमध्ये टेस्टर घालून प्रत्येक सॉकेट वेगळा तपासला. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला अर्थिंग नव्हतं.

आवाजासाठी मी त्यांना रात्री उशिरा एकदा जाऊन बेडरूममध्ये गप्प बसायला सांगितलं. लिफ्टची मशीन, पंप, वरच्या मजल्यावरची पावलं दिवसा कळत नाहीत.

पुढे काय ठरलं

घर सोडायचं का, यावर दोघांचं एकमत नव्हतं. नवऱ्याला हवंच होतं, बायकोच्या मनातून बीम जात नव्हता. पाणी थांबल्याचं डोळ्यांनी दिसत नाही तोवर मी बायकोच्या बाजूने होतो. शेवटी अटी लेखी ठरल्या. वरच्यांचा ट्रॅप आणि जोड आधी बदलायचा, खर्च काकू आणि विद्यमान मालक निम्मा-निम्मा. त्यानंतर सीलिंग उघडंच ठेवून तीच पाण्याची चाचणी पुन्हा घ्यायची. ती कोरडी गेली तरच टोकन. बीमची दुरुस्ती कमिटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली करून घ्यायची आणि तिचा अहवाल खरेदीखतापूर्वी हातात हवा. घरातल्या बाथरूमचा आणि भिंतीचा खर्च किमतीतून वजा.

काकांना या अटी जाचक वाटल्या. पण पुढच्या कुठल्याही गिऱ्हाइकाने ते सीलिंग उघडलं असतं तर हेच निघालं असतं, आणि आता ते उघडंच होतं.

दुसरी चाचणी कोरडी गेली. बीमचं भुसभुशीत काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं, गंज तारेच्या ब्रशने साफ केला, दोन रिंगा फारच झिजल्या होत्या तिथे नव्या जोडल्या, सळईला गंजरोधक थर दिला आणि पॉलिमर मॉर्टरने बीम पूर्ववत केला. अहवाल आला, मग खरेदी झाली. पॅसेजमध्ये त्यांनी पुन्हा फॉल्स सीलिंग केलं नाही. पाईप तसाच उघडा ठेवला आहे, येता-जाता जोड दिसतो.